जीपीआयओची कमाल संख्या कर्नलमध्ये वाढवायची कशी, आणि वाढवल्यावर काय काय हलतं

जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता किंवा वाचता येणारी लाइन. प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑरेंज पाय पीसी, म्हणजे ऑलविनर एच३ वर चालणारा बोर्ड. लिनक्स कर्नल ५.१५, स्वतः बिल्ड केलेला. दोन आयटूसी बसवर (दोन तारांवर अनेक चिप जोडायची सोय) मिळून एमसीपी२३०१७ चे बारा एक्स्पांडर, म्हणजे प्रत्येकी १६ लाइन्स वाढवणाऱ्या चिप, एकूण १९२ जादा लाइन्स. पहिले दहा नीट येतात, शेवटचे दोन येत नाहीत. लॉगमध्ये ‘कॅनॉट फाइंड फ्री रेंज’ आणि पुढे एरर उणे २८. तुम्ही डॉट-कॉन्फिग फाइल (कर्नल बिल्डचे पर्याय जिथे लिहिलेले असतात ती) उघडून ‘कॉन्फिग_आर्च_एनआर_जीपीआयओ’ समोरचे ४१६ खोडून १०२४ लिहिले, पण ‘मेक’ चालवलं की आकडा परत ४१६. तो टिकवायचा कसा, आणि वाढवल्याने दुसरं काही बिघडेल का, हे तुम्ही विचारलंय.

आकडा टिकवणं सोपं आहे. वाढवल्यावर काय बिघडतं त्यावर जास्त बोलावं लागेल, कारण तिथे लोक पुढे महिनोन्महिने अडकलेले असतात.

आधी दोष नक्की हाच आहे याची खात्री करा. उणे २८ म्हणजे ‘जागा शिल्लक नाही’. हाच कोड डिस्क भरल्यावरही येतो, त्यामुळे हा एरर पाहून एसडी कार्ड बदलायला सांगणारे सल्लागार भेटतात. त्यांचं ऐकू नका. दुसऱ्या बसवर ‘आयटूसीडिटेक्ट’ (बसवर कोणत्या पत्त्यावर चिप आहे ते दाखवणारं साधन) चालवा. ज्या चिपला ड्रायव्हर चिकटलाय तिथे ‘यूयू’ दिसेल. पहिल्या बसवर आठ आणि दुसरीवर चार चिप असतील, तर तुमच्या बाबतीत २० आणि २१ या पत्त्यांवर ‘यूयू’ असेल, आणि २२, २३ वर नुसते आकडे. नुसता आकडा दिसतोय म्हणजे चिप बसवर आहे, उत्तर देतेय, फक्त ड्रायव्हरने तिला घेतलेलं नाही. तिथे रेघच दिसली तर सोल्डरिंग किंवा पत्त्याच्या पिना बघा. अशा वेळी लॉगमध्येही उणे २८ नाही, उणे ६ किंवा उणे १२१ येतं. उणे १६ आलं तर दोन चिपांनी एकच नंबर मागितलाय. तीही भानगड याच घरातली, पण वेगळी.

आता ४१६ म्हणजे नेमकं काय. बऱ्याच जणांचा समज असतो की ही प्रोसेसरच्या पिनांची संख्या आहे. तसं नाही. लिनक्सच्या जुन्या पद्धतीत यंत्रातल्या प्रत्येक जीपीआयओ लाइनला एक पूर्णांक नंबर असतो, सगळ्या चिपांत मिळून एकच मालिका, शून्यापासून सुरू. हा आकडा म्हणजे त्या मालिकेचं टोक. हार्डवेअरशी त्याचा थेट संबंध नाही. ४१५ हा शेवटचा वैध नंबर, त्यापुढचा कर्नल मान्य करत नाही, एवढंच.

ऑलविनरसाठी ४१६ कुठून आले तेही बघण्यासारखं आहे. या कुटुंबातला पिन ड्रायव्हर प्रत्येक बँकेला (पीए, पीबी अशा पिनांच्या गटाला) सरसकट ३२ नंबर देतो, त्यात पिना प्रत्यक्षात कितीही असोत. पीए शून्यापासून, पीबी ३२ पासून, असं करत पीएल ३५२ ला सुरू होतो आणि पीएम ३८४ ला. ए पासून एम पर्यंत तेरा अक्षरं, गुणिले ३२, बरोबर ४१६. म्हणजे हा आकडा ठरवणाऱ्याने चिपच्या स्वतःच्या बँका मोजल्या आणि तिथे थांबला. बाहेरून कोणी १९२ लाइन्स जोडेल हा त्याचा विषय नव्हता.

एच३ मध्ये मुख्य कंट्रोलर ० ते २२३ घेतो, पीएल चा छोटा कंट्रोलर ३५२ ते ३८३. मधले १२८ आणि वरचे ३२ नंबर मोकळे. एक्स्पांडरचा ड्रायव्हर स्वतः नंबर मागत नाही, ‘कुठलाही द्या’ म्हणतो, आणि ५.१५ मधला कर्नल अशी जागा वरून खाली शोधतो. तुमच्या बोर्डवर हे असं घडतं: पहिल्या एमसीपी२३०१७ ला ४१६ वजा १६ म्हणजे ४००. दुसऱ्याला ३८४. तिसऱ्याला ३६८ मिळायला हवा, पण तिथे पीएल बसलाय, म्हणून त्याच्या खाली उडी, ३३६. मग ३२०, ३०४, २८८, २७२, २५६, २४०, २२४. झाले दहा. अकराव्यासाठी २०८ बघितला तर तिथे मुख्य कंट्रोलर, त्याच्याही खाली गेलं तर सुरुवातीचा नंबरच उणे १६ येतो, जो चालत नाही. संपलं. दहाच चिप का येतात याचं उत्तर एवढं साधं आहे. बस, करंट, पुल-अप वगैरे तपासण्यात वेळ घालवला असेल तर तो आता थांबवा.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. एका चिपचे नंबर सलग लागतात. चौघांना एका रांगेत बसायचं असेल तर नाट्यगृहात इकडे दोन, तिकडे दोन खुर्च्या रिकाम्या असून उपयोग नसतो, तसं. पीसीए९६९८ सारखा ४० लाइन्सचा एक्स्पांडर घेतलात तर वरचे मोकळे ३२ नंबर त्याच्या कामाचे नाहीत. तो थेट ३१२ वर जाऊन बसेल. त्यामुळे ‘एकूण १६० नंबर मोकळे आहेत, म्हणजे १६० लाइन्स बसतील’ हा हिशेब नेहमी खरा ठरत नाही. तुमच्याकडे सगळ्या चिप १६ च्या असल्याने तो जमला.

आता आकडा परत ४१६ का होतो. केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय आणि त्यांचे नियम मांडणाऱ्या फाइलींमध्ये, दोन जातीचे पर्याय असतात. ज्याला प्रॉम्प्ट आहे, म्हणजे मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या मेनूत) जो ओळ म्हणून दिसतो, त्याची किंमत वापरणारा ठरवतो आणि ती डॉट-कॉन्फिगमध्ये टिकते. ज्याला प्रॉम्प्ट नाही त्याची किंमत केकॉन्फिगमधले नियम ठरवतात. डॉट-कॉन्फिगमध्ये फक्त निकाल लिहिला जातो. तो निकाल हाताने बदलणं म्हणजे गुणपत्रिकेवर खाडाखोड करणं नाही का, असं वाटेल, पण कर्नल तुम्हाला रागावतही नाही. पुढच्या ‘मेक’ला तो नियम पुन्हा चालवतो आणि गुपचूप ४१६ लिहून मोकळा होतो. ३२-बिट आर्मवर हा पर्याय प्रॉम्प्टशिवायच लिहिलेला आहे. म्हणून मेनूकॉन्फिगमध्ये शोध घेतला तर तो सापडतो, पण बदलता येत नाही. योक्टो या सिस्टिम बांधणाऱ्या साधनातले कॉन्फिग फ्रॅगमेंट (पर्यायांच्या छोट्या फाइली) किंवा बिल्डरूट या तशाच साधनातली तशीच सोय इथे चालत नाही, त्याचंही कारण हेच.

बदल करायचा तो सोर्समध्ये, ‘आर्च/आर्म/केकॉन्फिग’ या फाइलमध्ये. तिथे ‘आर्च_एनआर_जीपीआयओ’ खाली डिफॉल्टच्या ओळी एकाखाली एक आहेत: इंटेल सॉकएफपीजीए असेल तर २०४८, टेग्रा, झिंक, रेनेसास, ॲस्पीड वगैरेंना १०२४, एक्झिनॉस, कीस्टोन यांना ५१२, सनशी म्हणजे ऑलविनरला ४१६, रॉकचिपला २८८, आणि काहीच लागू नसेल तर ०. शून्य म्हणजे खरोखर शून्य नव्हे, तेव्हा हेडर फाइल ५१२ धरते. ओळी मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या लावल्यात, कारण केकॉन्फिग वरून वाचतो आणि पहिली लागू पडणारी ओळ घेतो. एकाच कर्नलमध्ये अनेक कंपन्यांचे प्रोसेसर चालू केले तर सगळ्यात मोठी गरज जिंकावी म्हणून ही मांडणी.

तुमच्यासाठी सरळ उपाय: सनशीच्या ओळीतले ४१६ काढून १०२४ करा, किंवा सनशीला १०२४ च्या ओळीत जोडून द्या. मग ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’, आणि डॉट-कॉन्फिगमध्ये आकडा शोधून बघा. प्रॉम्प्ट नसल्याने नवा डिफॉल्ट आपोआप लागू होतो, जुनी फाइल आड येत नाही.

काही जण त्या पर्यायाला प्रॉम्प्टच जोडतात, म्हणजे पुढे मेनूतून बदलता येईल. कल्पना बरी आहे, पण त्यात एक मजेशीर पेच आहे. प्रॉम्प्ट आला की डॉट-कॉन्फिगमधला जुना ४१६ हा ‘वापरणाऱ्याने निवडलेला’ ठरतो आणि तसाच राहतो, डिफॉल्ट तुम्ही कितीही बदला. मग माणूस म्हणतो, पॅच मारला तरी फरक नाही. प्रॉम्प्ट जोडलात तर आकडा हातानेही बदला.

तिसरा एक जुगाडही ऐकायला मिळतो: सॉकएफपीजीएचा प्लॅटफॉर्म चालू करा, २०४८ आपोआप मिळतील. मिळतात, खरं आहे. पण एका आकड्यासाठी दुसऱ्याच कंपनीचा प्लॅटफॉर्म कर्नलमध्ये ओढून आणणं मला पटत नाही, आणि दोन वर्षांनी तो पर्याय का चालू आहे हे कोणाला आठवणार नाही. एका ओळीचा पॅच ठेवा, त्यावर कारण लिहा. बिल्डरूट असेल तर ग्लोबल पॅच डिरेक्टरीत ‘लिनक्स’ फोल्डर करून तिथे टाका. योक्टो असेल तर कर्नलच्या बीबीअपेंडमध्ये.

१०२४ च का, ६०८ का नाही? १९२ लाइन्ससाठी ६०८ सुद्धा पुरले असते. पण हा आकडा प्रत्येक बदलाला नंबर हलवतो, तेव्हा एकदाच पुरेसा मोठा ठेवावा. दोनच्या घातात असलाच पाहिजे असं बंधन नाही. मेमरीची काळजी ५.१५ वर करू नका. फार जुन्या ३.एक्स कर्नलमध्ये प्रत्येक संभाव्य नंबरसाठी एका ॲरेत आधीच जागा राखलेली असे, त्यामुळे आकडा वाढवला की मेमरी खर्च होई. तो ॲरे केव्हाच गेला. आता चिप नोंदवताना तिच्यापुरती जागा घेतली जाते. जुन्या लेखांतली ‘गरजेपेक्षा जास्त वाढवू नका’ ही ताकीद त्या काळातली आहे.

आता काय हलतं ते. वाटप वरून खाली होतं, म्हणजे टोक हललं की आपोआप मिळणारे सगळे नंबर हलतात. काल ४०० वर असलेला पहिला एक्स्पांडर आता १०२४ वजा १६, म्हणजे १००८ वर जाईल. दुसरा ९९२ वर. बारावा ८३२ वर. तुमच्या कोणत्याही शेल स्क्रिप्टमध्ये ४०३ एक्स्पोर्ट करून रिले चालू करण्याची ओळ असेल तर ती बंद पडेल. बंद पडली तर नशीब. वेगळ्या मांडणीत तोच नंबर दुसऱ्या रिलेचा निघाला तर ती ओळ चालेल, फक्त भलतीच मोटर फिरेल. पीए, पीसी, पीजी यांचे नंबर मात्र जागेवर राहतील, कारण ऑलविनरचा ड्रायव्हर आपला बेस, म्हणजे सुरुवातीचा नंबर, पक्का मागतो.

ही फक्त तुमच्या बोर्डची गोष्ट नाही. झिंक-७००० या प्रोसेसरवर काम केलेल्यांना ९०६ हा नंबर तोंडपाठ असतो. तो १०२४ वजा ११८ आहे: ५४ एमआयओ (चिपच्या स्वतःच्या पिना) आणि ६४ ईएमआयओ (चिपमधल्या एफपीजीएकडे, म्हणजे बदलता येणाऱ्या सर्किटकडे जाणाऱ्या) लाइन्स. झिंक अल्ट्रास्केल प्लसवर तोच कंट्रोलर जुन्या कर्नलमध्ये ३३८ वर दिसतो, ५१२ वजा १७४. लोकांनी ९०६ आणि ३३८ हे आकडे हार्डवेअरचे पत्ते असल्यासारखे कोडमध्ये कोरून ठेवले. एफपीजीएत एक एएक्सआय जीपीआयओ ब्लॉक वाढला, तो आधी नोंदवला गेला, आणि ९०६ घसरून खाली गेला. बोर्ड तोच, वायरिंग तेच.

दुसरा परिणाम कर्नलच्या झाडाबाहेरच्या, म्हणजे कर्नलच्या सोर्सपासून वेगळ्या बिल्ड होणाऱ्या मॉड्यूलवर होतो, आणि हा सहज ध्यानात येत नाही. नंबर वैध आहे का हे तपासणारं फंक्शन हेडरमध्ये इनलाइन आहे. म्हणजे मर्यादेचा आकडा प्रत्येक मॉड्यूलमध्ये कंपाइल होताना कोरला जातो. कर्नल नवा, १०२४ वाला, आणि मॉड्यूल जुनं, ४१६ वर बिल्ड झालेलं, असं मिश्रण झालं तर मॉड्यूल बिनतक्रार लोड होईल, आवृत्ती जुळेल, आणि १००८ हा नंबर दिला की ‘अवैध’ म्हणून नाकारेल. बाहेरची सगळी मॉड्यूल ‘क्लीन’ करून पुन्हा बिल्ड करा.

मग नंबर मिळवायचा कसा? लिहून ठेवायचा नाही, विचारायचा. ‘/सिस/क्लास/जीपीआयओ’ मध्ये (या जुन्या सोयीलाच सिसएफएस म्हणतात) प्रत्येक चिपची डिरेक्टरी असते, आत ‘बेस’, ‘एनजीपीआयओ’ आणि ‘लेबल’ या फाइली. लेबल वाचून चिप ओळखा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तुमच्याकडे तो फसेल, कारण बाराही चिपांचं लेबल एकच असेल, ‘एमसीपी२३०१७’. त्याऐवजी बसच्या बाजूने या: ‘/सिस/बस/आयटूसी/डिव्हायसेस’ मध्ये ‘१-००२२’ म्हणजे १ हा क्रमांक असलेल्या बसवरचा २२ पत्ता. त्याच्या आत ‘जीपीआयओ’ डिरेक्टरी, आणि तिच्यात ‘जीपीआयओचिप’ नावाची डिरेक्टरी, शेवटी काहीही आकडा असलेली. तिथली ‘बेस’ फाइल वाचा आणि त्यात लाइनचा क्रमांक मिळवा. चिपचा पत्ता तुमच्या वायरिंगने ठरतो; बसचा क्रमांक डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवर काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीतल्या) ‘एलियसेस’ने पक्का करून ठेवा, नाहीतर तो नोंदणीच्या क्रमाने बदलू शकतो. मग जीपीआयओची मर्यादा बदलली तरी हा मार्ग बदलत नाही. सगळं एका नजरेत हवं असेल तर ‘डीबगएफएस’ मधली ‘जीपीआयओ’ फाइल उघडा. कोणती चिप कुठून कुठपर्यंत आणि कोणती लाइन कोणी धरलीय, सगळं दिसतं.

याहून चांगला रस्ता म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये ‘जीपीआयओ-लाइन-नेम्स’ लिहून प्रत्येक लाइनला नाव देणं, आणि ‘लिबजीपीआयओडी’ ही लायब्ररी वापरून नावाने लाइन मागणं. ‘पंप-३’ हे नाव कर्नल बदलला तरी ‘पंप-३’ च राहतं. मशीन ग्राहकाकडे गेल्यावर तिथला वायरमन फोनवर ‘१०११ बंद आहे’ म्हणण्यापेक्षा ‘पंप-३ बंद आहे’ म्हणेल, हा वरचा फायदा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आम्ही सिसएफएस वापरतच नाही, कॅरेक्टर डिव्हाइस (लिबजीपीआयओडी जी वापरते ती ‘/डेव्ह’ खालची चिपची फाइल) वापरतो, मग ही मर्यादा आम्हाला का?’ असा प्रश्न हमखास येतो. कॅरेक्टर डिव्हाइस ४.८ पासून आहे आणि त्यात वापरणाऱ्याला जागतिक नंबर लागत नाही, बरोबर. पण ५.१५ मध्ये चिप नोंदवताना कर्नल तिला नंबरांचा तुकडा देतोच, तुम्ही वापरा वा न वापरा. तुकडा नाही मिळाला तर नोंदणीच होत नाही, आणि नोंदणी नाही तर ‘/डेव्ह’ खाली चिपही नाही. म्हणजे लिबजीपीआयओडीने नंबर हलण्याचा त्रास सुटतो, मर्यादेचा नाही. तुम्हाला दोन्ही करावं लागेल.

मर्यादेचा त्रास मुळातून गेला तो ६.२ मध्ये, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत. क्रिस्टोफ लेरॉय यांच्या पॅचमालिकेने हा पर्यायच काढून टाकला. टोक राहिलं नाही, म्हणून वरून खाली शोधण्यालाही अर्थ राहिला नाही. आता आपोआप मिळणारे नंबर ५१२ पासून वर चढत जातात. तुमचे बारा एक्स्पांडर तिथे ५१२, ५२८, ५४४ असे बसतील आणि शेवटचा ६८८ वर. ६.१ हा दीर्घ मुदतीचा कर्नल असला तरी त्यात मर्यादा आहे. उडी मारायची तर ६.६ किंवा ६.१२ वर मारा. पक्का बेस मागणाऱ्या ड्रायव्हरबद्दल बूटच्या वेळी ‘स्टॅटिक ॲलोकेशन डेप्रिकेटेड’ अशी चेतावणी दिसेल. ऑलविनरवर ती दिसणारच, घाबरू नका.

या ५१२ ने रास्पबेरी पायवाल्यांची चांगलीच धांदल उडवली. तिथे वर्षानुवर्षे १७ क्रमांकाची पिन म्हणजे सिसएफएसमध्येही १७ च असे. ६.६ आला आणि १७ एक्स्पोर्ट करायला गेलं की ‘इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट’, कारण ती आता ५१२ अधिक १७, म्हणजे ५२९. कितीतरी जणांनी १७ च्या जागी ५२९ लिहून प्रश्न मिटवला. तसं करू नका. तो आकडाही कायमचा नाही.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. मशीन आज चालू करायचं असेल तर ५.१५ वरच राहा, सनशीच्या ओळीत १०२४ करा, कर्नल आणि मॉड्यूल दोन्ही नव्याने बिल्ड करा, आणि बोर्डवर गेल्यावर ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ उघडून चालू कर्नलमध्ये खरोखर १०२४ आहे का ते बघा. बिल्ड मशीनवरचा डॉट-कॉन्फिग बरोबर आणि बूट विभाजनात जुनीच झेडइमेज (बिल्ड झालेली कर्नल फाइल), हा प्रकार वाटतो त्यापेक्षा फार वेळा घडतो. ‘/प्रॉक’ खाली ती फाइलच नसेल तर ‘आयकेकॉन्फिग’ आणि ‘आयकेकॉन्फिग_प्रॉक’ हे पर्याय चालू करून घ्या, या कामापुरतं तरी. त्यानंतर दुसऱ्या बसवर पुन्हा आयटूसीडिटेक्ट: २० ते २३ चारही ठिकाणी ‘यूयू’ दिसायला हवं. स्क्रिप्टमधले ४०० च्या आसपासचे आकडे शोधून तिथे बसच्या मार्गाने बेस वाचणारं छोटं फंक्शन घाला. लाइनची नावं डिव्हाइस ट्रीत आताच भरून ठेवा, १९२ नावं लिहायला कंटाळा येईल, पण एकदाच. पुढे ६.६ किंवा ६.१२ वर गेलात की केकॉन्फिगचा तो पॅच लागणारच नाही, तेव्हा तो सरळ काढून टाका.